कलाकाराची साइट उघडते, चित्रं दिसतात, पण मजकूर वाचता येत नाही: ब्राउझर बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. चित्रकाराची, छायाचित्रकाराची किंवा शिल्पकाराची साइट उघडली. चित्रं छान दिसली. खाली काहीतरी लिहिलेलं आहे हे कळतं, पण इतकं बारीक आणि फिकट की डोळे ताणूनही लागत नाही. झूम केलं तर चित्रं मोठी झाली, अक्षरं होती तेवढीच राहिली. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं, तरी फरक नाही. आणि एका साइटवर कसंबसं जमवलं, की पुढच्या कलाकाराच्या साइटवर पुन्हा तेच.

यावर पहिला सल्ला ठरलेला असतो: "दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा." माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा फुकट जातो. मजकूर फिकट आणि बारीक ठेवण्याचा निर्णय साइटच्या मांडणीत लिहिलेला असतो आणि प्रत्येक ब्राउझर तो इमानदारीने पाळतो. ब्राउझर निवडताना पाहायचं ते वेगळंच: साइटची मांडणी बाजूला सारून मजकूर आपल्याला हवा तसा वाचायला तो कोणती साधनं देतो, आणि ती साधनं वापरताना चित्रांचे रंग बिघडवतो का. कलाकाराच्या साइटवर या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. म्हणून माझी शिफारस सुरुवातीलाच सांगतो. चित्रं पाहायला एक टॅब ठेवा, त्यातल्या कशालाही हात लावू नका. वाचायला दुसरा टॅब उघडा आणि त्यात हवी तेवढी मोडतोड करा.

हा मजकूर सोडून द्यावा असा नसतोच. माध्यम, आकार, साल, प्रिंट असेल तर आवृत्तीतला क्रमांक, कलाकाराचं निवेदन, हे सगळं तिथेच असतं. पडद्यावर तळहाताएवढं चित्र आणि भिंतभर चित्र सारख्याच आकाराचं दिसतं. खालची ओळ वाचली नाही तर आपण नेमकं काय पाहिलं हेच कळत नाही.

आधी हे बघा: तुम्ही खरंच ब्राउझरमध्ये आहात का?

कलाकारांच्या साइटची लिंक बहुधा सोशल मीडियाच्या अ‍ॅपमधून, त्यांच्या प्रोफाइलवरून येते. तिच्यावर टॅप केलं की पान फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये न उघडता अ‍ॅपच्या आतल्याच एका छोट्या ब्राउझरमध्ये उघडतं. त्यात बहुधा रीडर मोड (सजावट काढून नुसता मजकूर दाखवणारी सोय) नसतो, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत, तुम्ही आधी लावलेलं झूम आणि किमान फॉन्टचं सेटिंग लागू होत नाही. "मी सगळं सेट करून ठेवलंय, तरी परत तसंच दिसतं" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा आणि 'ओपन इन ब्राउझर' किंवा तशाच अर्थाचा पर्याय निवडा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लिंक कायम बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याची सोय असेल तर ती चालू करून टाका.

ब्राउझर बदलायचाच असेल तर घराणं बदला

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, व्हिवाल्डी, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांच्या आत ब्लिंक हे एकच इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा भाग, आहे. गुगलने ते २०१३मध्ये वेबकिटपासून वेगळं काढलं. सफारी वेबकिटवर चालतो, फायरफॉक्स गेकोवर. त्यामुळे क्रोममध्ये बिघडलेलं पान ब्रेव्हमध्ये उघडून काही सिद्ध होत नाही. फायरफॉक्स किंवा सफारीत उघडून पाहिलं तर काही कळेल. आयफोनवर तर वरचं नाव काहीही असो, जवळजवळ सगळे ब्राउझर आतून वेबकिटच वापरतात. युरोपीय संघात २०२४पासून दुसऱ्या इंजिनाला मुभा मिळाली आहे, पण रोजच्या वापरात त्याचा फरक अजून फारसा जाणवत नाही. आयफोनवर चार ब्राउझर टाकून तीच साइट चार वेळा तपासण्यात वेळ घालवू नका.

निदान: कंट्रोल + ए

दुरुस्तीआधी बिघाड कोणत्या जातीचा आहे हे ठरवायला हवं. त्यासाठी संगणकावर पान उघडून कंट्रोल + ए दाबा (मॅकवर कमांड + ए). पानावरचं सगळं निवडलं जाईल. आता वाचता न येणाऱ्या जागेकडे नीट पाहा.

प्रत्येक ओळीमागे वेगळी रंगीत पट्टी आली, ओळ जिथे संपते तिथेच पट्टी संपली, तर तो खरा मजकूर आहे. फक्त फिकट किंवा बारीक आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार. मजकूर आणि चित्र मिळून एकच मोठा चौकोन रंगला, तर शब्द चित्राच्या फाइलमध्येच भाजलेले आहेत; तिथे फॉन्टचं कोणतंही सेटिंग चालणार नाही. रिकाम्या वाटणाऱ्या जागेत अचानक पट्ट्या उमटल्या, तर मजकूर आलेला आहे, पण पांढऱ्यावर पांढरा किंवा पूर्ण पारदर्शक राहिला आहे. आणि काहीच रंगलं नाही, तर एकतर साइटने मजकूर निवडायला बंदी घातली आहे किंवा मजकूर तिथे पोचलाच नाही. या दोहोंतलं काय, हे ठरवायला क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल + एफ दाबून दिसणाऱ्यांपैकी एखादा शब्द शोधा. सापडला तर मजकूर आहे, फक्त बंदी आहे.

फिकट मजकूर

फिकेपणा डोळ्यांवर सोडायची गरज नाही, तो मोजता येतो. वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी निकष साध्या मजकुरासाठी पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्यात किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट मागतात, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. अधिक कडक पातळीवर साध्या मजकुराला ७ : १ लागतो. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा करडा ४.५४ वर बसतो, म्हणजे जेमतेम पास. ७७७७७७ हा त्याच्या अगदी शेजारचा करडा ४.४८ वर नापास होतो. कलाकारांच्या साइटवर फार आवडीने वापरला जाणारा ९९९९९९ तर २.८५ वरच अडतो. तुमच्या डोळ्यांत दोष आहे असं मानायच्या आधी हा आकडा बघा. क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल + शिफ्ट + सी दाबा आणि त्या ओळीवर माउस न्या. जी छोटी चौकट येते तिच्यात कॉन्ट्रास्टचा आकडा असतो, शेजारी बरोबरची किंवा इशाऱ्याची खूण असते. पुढे कलाकाराला कळवायचं झालं तर हाच आकडा कामी येतो.

असं का घडतं, याचं उत्तर मला पटण्यासारखं वाटतं. कलाकाराला शब्दांनी चित्राच्या मध्ये यायला नको असतं. म्हणून कॅप्शन हळू आवाजात ठेवलं जातं: करडा रंग, अगदी पातळ वजनाचा फॉन्ट, बारीक आकार. हे जुळवताना समोर बहुधा मोठा, उत्तम, दाट पिक्सेलचा पडदा असतो आणि तिथे ते खरोखर देखणं दिसतं. तेच पातळ अक्षर साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर तुटक तुटक रेषांचं होतं. विंडोजवर अक्षरांच्या कडा फार विरलेल्या दिसत असतील तर स्टार्ट मेनूत 'क्लिअरटाइप' शोधा, 'अ‍ॅडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट' उघडा आणि समोर येणाऱ्या नमुन्यांतला तुम्हाला ठळक वाटणारा निवडत जा. हे एकदाच करायचं काम आहे, पण कितीतरी जणांनी ते केलेलंच नसतं.

तातडीचा उपाय म्हणजे मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकणे. दोन ओळींच्या कॅप्शनला एवढं पुरतं. लांब निवेदनाला रीडर मोड हवा.

रीडर मोड, आणि तो का दिसत नाही

फायरफॉक्समध्ये विंडोजवर एफ ९, मॅकवर कमांड + ऑप्शन + आर. सफारीत कमांड + शिफ्ट + आर. सफारीने ही सोय २०१०पासून दिलेली आहे. एजमध्ये एफ ९ दाबलं की इमर्सिव्ह रीडर उघडतो. क्रोममध्ये पानावर राइट क्लिक करून 'रीडिंग मोड'.

यातला क्रोमचा प्रकार वेगळा आहे आणि कलाकारांच्या साइटसाठी मला तो सोयीचा वाटतो. तो मूळ पान पुसून टाकत नाही. मजकूर शेजारच्या पट्टीत काढून देतो. चित्र डावीकडे जसंच्या तसं, निवेदन उजवीकडे मोठ्या अक्षरांत. निवेदनात चित्रातल्या एखाद्या कोपऱ्याबद्दल लिहिलेलं असेल तर नजर लगेच तिकडे नेता येते. एजच्या इमर्सिव्ह रीडरची ताकद दुसरीकडे आहे: अक्षरांतलं अंतर वाढवता येतं, एका वेळी एक, तीन किंवा पाच ओळी उजळ ठेवून बाकीचं पान मंद करता येतं, आणि मजकूर मोठ्याने वाचून घेता येतो. त्यात मराठी वाचणारे आवाजही आहेत. दीर्घ मुलाखत किंवा प्रदर्शनावरची टिपणी असेल तर चित्रं बघत बघत ऐकण्याची मजा वेगळीच आहे.

आता नेहमीचा अडथळा. पान उघडलं, पण रीडरचं बटणच नाही. फायरफॉक्स आधी पानावरचे परिच्छेद तपासून ते 'लेख' वाटतं का हे ठरवतो. त्या तपासणीत साधारण १४० अक्षरांपेक्षा लहान परिच्छेद मोजलेच जात नाहीत. कलाकारांच्या साइटवर मजकूर नेमका तसाच असतो: चार शब्दांचं शीर्षक, माध्यमाची एक ओळ, कवितेसारखं तोडून लिहिलेलं निवेदन. पान वाचण्याजोगं असूनही ब्राउझरला ते लेख वाटत नाही. म्हणून मुख्य पानावर किंवा गॅलरीच्या पानावर बटण शोधत बसू नका. 'अबाउट' किंवा 'स्टेटमेंट'चं पान वेगळं उघडा, तिथे ते बहुधा येतं.

तरीही नाही आलं तर फायरफॉक्समधली एक जुनी सोय वापरा. मला ती या कामासाठी सगळ्यांत आवडते. ऑल्ट दाबून वरचा मेनू आणा, 'व्ह्यू'मध्ये 'पेज स्टाइल' आणि त्यात 'नो स्टाइल'. क्षणात साइटची सगळी सजावट गळून पडते. पांढऱ्या पानावर काळा मजकूर उरतो, आणि चित्रं जागच्या जागी, मूळ रंगांत, आपापल्या कॅप्शनसह एकाखाली एक येतात. मेनू, बटणं, चिन्हं इकडेतिकडे सांडलेली दिसतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. चित्र आणि शब्द दोन्ही शाबूत ठेवणारा इतका साधा उपाय दुसरा नाही. फक्त जी चित्रं पार्श्वभूमी म्हणून लावलेली असतात ती यात गायब होतात. पान परत लोड केलं की मूळ सजावट परत येते.

झूम केलं तरी अक्षरं वाढत नाहीत

कंट्रोल + प्लस दाबत राहिलात, टक्का १५०वर गेला, चित्रं सरकली, मेनूची जागा बदलली, पण शीर्षक आणि कॅप्शन तेवढंच. याचं कारण आहे. काही साइटवर अक्षरांचा आकार खिडकीच्या रुंदीच्या प्रमाणात दिलेला असतो, रुंदीच्या अमुक टक्के. झूम केल्यावर ब्राउझर साइटला सांगतो की खिडकी आता अरुंद झाली. १३६६ पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर १५० टक्के झूम म्हणजे साइटच्या लेखी खिडकी फक्त ९११ पिक्सेलची. अक्षर त्या हिशेबाने लहान होतं, मग झूम त्याला मोठं करतो, आणि शेवटी आकार होता तिथेच राहतो. दोष ब्राउझरचा नाही, तुमचा तर नाहीच.

इथे किमान फॉन्टचं सेटिंग उपयोगी पडतं. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'अपीअरन्स', 'कस्टमाइझ फॉन्ट्स' आणि तिथली 'मिनिमम फॉन्ट साइज'ची पट्टी. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमधल्या 'फॉन्ट्स'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये. मॅकच्या सफारीत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये, अमुक आकारापेक्षा लहान अक्षर कधीच दाखवू नका, असा पर्याय आहे. १४ ते १६ ठेवून पाहा. त्याहून वर नेलंत तर मेनू एकमेकांवर चढू लागतात. या सेटिंगचा मोठा फायदा असा की ते सगळ्या साइटना लागू होतं. प्रत्येक नव्या कलाकाराच्या साइटवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

उलट, साइट नीट बांधलेली असेल तर झूमचा एक अनपेक्षित फायदा होतो. खिडकी 'अरुंद' झाली की साइट टॅबलेटची किंवा फोनची मांडणी दाखवते. तिच्यात मजकूर चित्रावरून खाली उतरून स्वतंत्र जागेवर येतो. चित्रावर चढलेला मजकूर वाचता येत नसेल तर १७५ किंवा २०० टक्क्यांपर्यंत जाऊन बघाच.

फोनवर चिमटीने झूम होत नसेल

काही साइट चिमटीचं झूम बंद करतात. आयफोनच्या सफारीने २०१६पासून, म्हणजे आयओएस १०पासून, ही बंदी मानणं सोडलं आहे. अँड्रॉइडवर क्रोमच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' सेटिंगमध्ये 'फोर्स एनेबल झूम' आहे, फायरफॉक्समध्ये त्याच जागी 'झूम ऑन ऑल वेबसाइट्स'. चालू करा आणि चालूच ठेवा.

फोनवरचा दुसरा घोळ म्हणजे माउस नेल्यावरच उमटणारं कॅप्शन. बोटाला 'वर नेणं' नसतं. चित्रावर एकदा हलकेच टॅप करा. तरीही नाही आलं तर ब्राउझरच्या मेनूतून 'डेस्कटॉप साइट' मागवून बघा.

देवनागरी मजकूर असेल तर

मराठी कलाकारांच्या साइटवर यात आणखी भर पडते. टेम्पलेट, म्हणजे साइटचा तयार साचा, रोमन अक्षरांसाठी बनवलेलं असतं आणि त्यात शीर्षकाची अक्षरं ऐसपैस पसरवलेली असतात. रोमनमध्ये ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा होतो. 'चित्रकार' एक शब्द न दिसता तुकड्यांची रांग दिसते. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, कधी वरची मात्रा कापलीच जाते. यावर रीडर मोड किंवा 'नो स्टाइल' हाच खरा उपाय, कारण दोन्ही ठिकाणी टेम्पलेटचं अंतर पुसलं जातं.

साइटच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर यंत्रणेतला फॉन्ट उचलतो: विंडोजवर निर्मला, अ‍ॅपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. म्हणून एकच पान तीन ठिकाणी तीन तऱ्हांचं दिसतं. एखादा फॉन्ट अगदीच नकोसा वाटत असेल तर फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या त्याच 'अ‍ॅडव्हान्स्ड' चौकटीत लिपी 'देवनागरी' निवडून आवडीचा फॉन्ट द्या आणि साइटला स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची खूण काढून टाका. मग काही साइटवर मेनूच्या चिन्हांऐवजी रिकामे चौकोन येतील, कारण ती चिन्हंही फॉन्टमधूनच येतात. वाचून झालं की खूण परत लावा.

आणि पान उघडल्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन काला दिसला, तर साइट बहुधा युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांच्या) आधीच्या काळातली आहे आणि तिला तिचा ठराविक फॉन्टच लागतो. ब्राउझर बदलून ते सुटणार नाही. मजकूर कॉपी करून त्या फॉन्टच्या युनिकोड परिवर्तकात टाकावा लागतो.

शब्द चित्रातच असतील तर

निमंत्रणपत्रिका, प्रदर्शनाची वेळ, कधी अख्खं निवेदन जेपीजी म्हणून चढवलेलं असतं. चित्र नव्या टॅबमध्ये उघडा, मूळ आकारात ते बऱ्याचदा पानावरच्यापेक्षा मोठं असतं. राइट क्लिक बंद केलेलं असेल तर फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. शब्द काढून घ्यायचे असतील तर गुगल लेन्स देवनागरीही ओळखतं. पण हस्ताक्षरात लिहिलेल्या निवेदनावर त्याचा भरवसा धरू नका, मूळ चित्राशी ताडून पाहा.

मजकूर किंवा चित्रं आलीच नसतील तर

आधी खाजगी (इनकॉग्निटो) खिडकीत पान उघडा. तिथे नीट दिसलं तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा साठवून ठेवलेल्या जुन्या फायलींचा. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन कधी गॅलरी चालवणारा कोड, म्हणजे स्क्रिप्टही अडवतात. त्या साइटपुरतं ते बंद करा. बऱ्याच साइटवर परिच्छेद स्क्रोल केल्यावर हळूच उमटतात. ती स्क्रिप्ट अडली की परिच्छेद पारदर्शकच राहतात. मघाशी कंट्रोल + एला रिकाम्या जागेत पट्ट्या उमटल्या त्या याच. यंत्रणेच्या सेटिंगमधून अ‍ॅनिमेशन बंद केलं तर काही साइट हा प्रकार सोडून सरळ मजकूर दाखवतात.

चित्रांच्या जागी रिकामे चौकोन असतील तर ब्राउझरचं वय बघा. इथे मात्र ब्राउझरचाच प्रश्न असू शकतो. आता अनेक साइट चित्रं वेबपी किंवा एव्हीआयएफ या प्रकारांत देतात. वेबपी सफारीला २०२०मध्ये चौदाव्या आवृत्तीत कळायला लागलं. एव्हीआयएफ क्रोमला २०२०मध्ये, फायरफॉक्सला २०२१मध्ये, सफारीला २०२२मध्ये. एज क्रोमच्याच घराण्यातला, तरी त्याला २०२४ची १२१वी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागलं. विंडोज ७ वर क्रोम १०९च्या पुढे जात नाही, त्यामुळे अशा संगणकावर साइट दिवसेंदिवस अधिक मोडकी दिसत जाणार.

रंगांना धक्का लावू नका

वाचण्यासाठी केलेले उपाय चित्राच्या टॅबमध्ये राहून गेले तर नुकसान होतं, आणि ते लक्षातही येत नाही. डार्क मोडची काही एक्स्टेन्शन आधी सगळं पान उलट्या रंगांत फिरवतात आणि मग चित्रं तेवढी परत सुलट करतात. पार्श्वभूमी म्हणून लावलेलं चित्र यातून निसटतं आणि निगेटिव्हसारखं दिसतं. हे निदान कळतं तरी. संध्याकाळी आपोआप सुरू होणारा पिवळसर प्रकाश, विंडोजचा नाइट लाइट किंवा आयफोनचा नाइट शिफ्ट, तो मात्र चोरपावलांनी येतो; निळ्या छटा मवाळ होतात आणि पांढरं हस्तिदंती होतं. चित्र विकत घ्यायचा विचार असेल, त्यावर लिहायचं असेल, तर हे सगळं बंद करूनच पाहा. कलाकाराने महिनोन्महिने जुळवलेला रंग आपल्या पडद्याच्या सेटिंगवरून जोखू नये.

रंगांच्या बाबतीत ब्राउझरचा फरकही खरा आहे. ज्या चित्राच्या फाइलमध्ये रंगांची प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे याची नोंद) जोडलेली नाही, ते क्रोम एसआरजीबी, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगसंचातलं, समजून दाखवतो. फायरफॉक्स मूळ सेटिंगमध्ये अशा चित्राला हात लावत नाही, त्यामुळे रुंद रंगपट्ट्याच्या, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणाऱ्या, पडद्यावर ते गरजेपेक्षा भडक दिसू शकतं. दोन ब्राउझरमध्ये लाल रंग वेगळा दिसला तर कारण बहुधा हेच. अशा पडद्यावर रंग पाहायला क्रोम किंवा सफारी आणि वाचायला फायरफॉक्स, अशी विभागणी मी सुचवेन.

एकदा जमलेलं परत का बिघडतं

कारण झूम साइटच्या पत्त्याला चिकटून असतो. कलाकाराची साइट एका पत्त्यावर, त्याच कलाकाराचं दुकान दुसऱ्या पत्त्यावर, गॅलरी तिसऱ्या. तिन्हीकडे वेगळं झूम. खाजगी खिडकी बंद केली की तिथलं सगळं पुसलं जातं. ब्राउझरची सफाई करताना 'साइट सेटिंग्ज'वरही खूण केली तर जपलेले झूम जातात. म्हणून साइटनिहाय झूमवर विसंबू नका; किमान फॉन्ट आणि मूळ झूमचा टक्का, ही दोन सर्वांना लागू होणारी सेटिंग पक्की करा. सफारीत 'वेबसाइट्स'च्या सेटिंगमध्ये 'पेज झूम' आणि 'रीडर' दोन्ही सर्व साइटसाठी ठरवून ठेवता येतात.

जुन्या साइट, आणि मुद्दाम न वाचता येणाऱ्या साइट

२००० ते २०१०च्या सुमाराच्या कितीतरी कलाकारांच्या साइट फ्लॅश या हलत्या पानांच्या जुन्या तंत्रात होत्या. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१पासून फ्लॅश प्लेअरने फ्लॅशच्या फायली चालवणंच बंद केलं. अशा साइटवर आज करडा चौकोन किंवा नुसता कोरा पडदा दिसतो. रफल हे फ्लॅशची नक्कल करणारं एक्स्टेन्शन टाकून पाहा, पुष्कळ साइट त्यात जिवंत होतात. साइटच नाहीशी झाली असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुनी प्रत शोधा.

काही कलाकृती तर ब्राउझरसाठीच घडवलेल्या आहेत. योआन हेमस्कर्क आणि डिर्क पेस्मन्स हे दोघे 'जोडी' या नावाने काम करतात. त्यांचं १९९५च्या सुमाराचं पान उघडलं की काळ्यावर हिरव्या चिन्हांचा न लागणारा गोंधळ दिसतो. कंट्रोल + यू दाबून पानाचा मूळ कोड उघडला की त्या चिन्हांतूनच बॉम्बची आकृती उभी राहते. इथे रीडर मोड लावणं म्हणजे कलाकृती पुसून टाकणं. नव्वदच्या दशकातलं काम त्या काळच्या ब्राउझरमध्ये पाहायचं असेल तर 'ओल्डवेब डॉट टुडे' ही सेवा आहे. ती तुमच्या आजच्या ब्राउझरच्या आत नेटस्केपसारखे जुने ब्राउझर चालवून दाखवते. ब्राउझरच्या निवडीला इतका अर्थ दुसरीकडे क्वचितच असतो.

कलाकाराला कळवा

बाकी सगळ्या साइटच्या बाबतीत कळवणं हाच कायमचा उपाय आहे, आणि बहुतेकांना ते आवडतं, कारण आपलं निवेदन कुणी वाचायचा प्रयत्न केला हे त्यांना कळतं. "तुमची साइट वाचता येत नाही" एवढंच लिहू नका, त्यातून करण्यासारखं काही हाती लागत नाही. असं लिहा:

"नमस्कार. तुमच्या साइटवरची अलीकडची चित्रं आवडली. 'निवेदन' या पानावरचा मजकूर मात्र मला वाचता आला नाही. विंडोज ११, फायरफॉक्सची चालू आवृत्ती, १५ इंची लॅपटॉप. अक्षरांचा करडा रंग पांढऱ्यावर २.८५ : १ इतकाच कॉन्ट्रास्ट देतो, ४.५ च्या वर गेला तर बहुतेकांना वाचता येईल. झूम केल्यावर अक्षरं मोठी होत नाहीत. टेम्पलेटच्या रंग आणि फॉन्टच्या सेटिंगमध्ये मजकुराचा रंग गडद करून आकार १६ पिक्सेल ठेवलात तर चित्रांच्या मांडणीला धक्का न लागता हे सुटेल. स्क्रीनशॉट जोडला आहे."

संपर्कासाठी फक्त फॉर्म असेल आणि चित्र जोडता येत नसेल, तर पानाचा पूर्ण पत्ता आणि न वाचता आलेल्या भागाच्या अगदी वर कोणतं चित्र आहे हे लिहा. दुरुस्ती करणाऱ्याला जागा लगेच सापडते.